बघणारे कमी, खेळणारे जास्त

केजला आलो तेव्हा मला फुटबॉलमधलं काय कळतं हे कुणी विचारलंच नाही. माणूस कोल्हापूरकडचा म्हणजे त्याला ते येणारच, असं सगळ्यांनी धरून टाकलं. मीही नाही म्हणालो नाही. आठवीत शाळा सोडलेल्या माणसाला कुणी असं फुकटचं ज्ञान चिकटवलं, तर ते खरवडून काढायची हिंमत होत नाही. खरं सांगायचं तर आमच्याकडं मॅचला मी कायम मागं असायचो, उंच माणसांच्या पाठी बघत. गोल झाला की सगळे उडी मारायचे म्हणून मीही मारायचो. कुणाचा झाला ते घरी जाताना कळायचं.

मला इकडं आणलं ते मालकांनी. मालकांचा मंडपाचा धंदा. कापड, पाइप, खुर्च्या, भोंगे, सगळं त्यांचं. पण तरुणपणी ते आमच्या गावाकडं ऊस तोडायला यायचे. आमच्या घरामागच्या माळावर त्यांच्या टोळीच्या पाचटाच्या कोप्या पडायच्या. तोड नसेल त्या दिवशी बाकीची टोळी झोप काढायची आणि हे एकटे शहरात जाऊन फुटबॉल बघून यायचे. पुढं कोयता गेला, मंडप आला, पोटही आलं, पण ते वेड होतं तिथंच राहिलं. मी पंचवीस वर्षांचा होऊन, तीन ठिकाणची कामं धरून-सोडून घरी बसलो होतो, तेव्हा ते जुन्या ओळखीनं आईला भेटायला आले आणि म्हणाले, "मावशी, ह्याला द्या माझ्यासंगं. आमच्या क्लबाला कोल्हापूरचा माणूस पायजे."

आईनं दिलं. इतक्या लवकर दिलं की मला जरा वाईटच वाटलं.

आता सहा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मालकीणबाईंनी माझं ताट कधी वेगळं वाढलं नाही. पहिल्याच महिन्यात मला ताप आला, तर मालक स्वतः मला स्कूटरवर मधे बसवून दवाखान्यात घेऊन गेले. मागं मालकीणबाई, मला धरून. तिघं जण, त्यात मालक एकटेच दीड माणसाचे. त्या दिवसापासून ही माणसं आपल्यावर कधी नाराज होऊ नयेत, ही एक काळजी माझ्या पोटात कायमची येऊन बसली. आधीच्या काळज्या होत्याच, त्यांनी हिला सरकून जागा दिली.

क्लब म्हणजे गावाबाहेरचं गायरान, अकरा माणसं आणि दोन गोलपोस्ट. गोलपोस्ट मंडपाच्या पाइपांचे. आडवा पाइप वर क्लॅम्पनं आवळलेला, मागं जाळी म्हणून स्टेजमागची जुनी झालर. लग्नाची तारीख निघाली आणि पाइप कमी पडले की एका बाजूचा गोल उपटून न्यावा लागायचा. मग त्या रविवारी दोन्ही संघ एकाच गोलवर मारायचे आणि गोलकीपर कुणाच्या बाजूचा, यावर भांडण व्हायचं. एरवी आमचे गोलकीपर मालकच. त्यांच्यामुळं गोलची निम्मी जागा आपोआप झाकली जायची. पंच म्हणून एक निवृत्त गुरुजी होते. त्यांनी निम्म्या गावाला पहिलीत शिकवलेलं, त्यामुळं त्यांची शिट्टी वाजली की पन्नाशीची माणसंसुद्धा हाताची घडी घालायची. मी क्लबाचा 'पब्लिक बघणारा'. म्हणजे भोंगा लावून लोकांना बोलवायचं आणि खुर्च्या मांडायच्या.

सुरुवातीला लोक लोटले. दोनशे खुर्च्या मांडल्या आणि माणसं उभी राहिली. चार रविवार असं चाललं. मग लोकांच्या लक्षात आलं की हे दर वेळी असंच आहे.

एकेकाला गाठून मी कारण विचारायचो. टेलर म्हणाला, "दीड घंटा पळतेत आन शेवटी शून्य-शून्य. कुस्तीत कसं, एक जण खाली, एक जण वर, आपुन घरी जायला मोकळे."

पानवाला म्हणाला, "हात लावायचा न्हाई म्हनतेत. मंग देवानं हात कावून दिले?"

हॉटेलवाल्याचं दुःख वेगळं होतं. "मी गेलतो की. एक रविवार चुकवला न्हाई. पाच महिन्यात एक गोल झाला, त्यो बी मी पान थुंकायला वळलो तवा."

मला हे सगळं पटायचं, आणि पटतंय हे चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मी मान हलवत राहायचो. खुर्च्या दोनशेच्या शंभर झाल्या, शंभराच्या चाळीस. मी त्या लांब-लांब मांडायला लागलो, म्हणजे रिकामं दिसू नये. दोन खुर्च्यांच्या मधून म्हैस जाईल इतक्या लांब. एकदा गेलीही. शेवटी बाराच मांडल्या, तर मालकांनी गोलमधूनच हाक मारली, "ए कोल्हापूर, खुर्च्या कमी मांडून गर्दी होत न्हाई बे."

तुळशीची लग्नं लागली त्या आठवड्यात मॅचला चार माणसं होती. त्यातली दोन कायमची. एक जण गायरानात बैल चारायचा आणि दुसरा त्याच्याशी बोलायला यायचा. तिसऱ्या मालकीणबाई, चहाचा मोठा थर्मास घेऊन. चौथा माणूस रस्ता चुकलेला होता. निम्मा तालुका ऊसतोडीला आमच्याच मुलखाकडं गेलेला, आणि आमच्या मुलखाचा मी इथं चार माणसं मोजत उभा.

मॅच संपल्यावर मालकांनी गोलपोस्टचा पाइप हलवून बघितला. मग म्हणाले, "आता लग्नसराई लागली. पाइप कमी पडायलेत. पुढच्या रविवारी पाटोद्याचा संघ येनारे. त्या दिशी खेळणाऱ्यापेक्षा बघणारे कमी भरले, तर सोमवारी ह्ये दोन्ही गोल उपटायचे आन मंडपाला लावायचे. क्लब बंद."

मी विचारलं, "बावीस माणसं आली तर?"

"तर ऱ्हाऊ दे. कमी नसले म्हंजे झालं."

"मला धरून बावीस?"

"तू कसा धरायचा बे? तू कामावर हायेस."

ते हसत बोलले, पण नंतर घरी जाताना स्कूटर चालवता चालवता एकदम म्हणाले, "तिकडं तुमच्यात मी भिताडावर चढून बघायचो. खाली जागा नसायची." मला मागं बसून त्यांची मान तेवढी दिसत होती. त्या मानेकडं बघून मी ठरवलं की बावीस माणसं आणायची, मग काय वाटेल ते होवो.

शनिवारी सकाळी मालकीणबाईंना विचारलं, माणसं कशी जमवायची. त्या ज्वारी निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "नुस्तं या म्हनलं की कोन येतंय? आमच्यात अक्षदा दिल्याबिगर मानूस उंबरा वलांडत न्हाई."

त्या थट्टेनं बोलल्या हे मला आता कळतं. तेव्हा मी दुकानातून पावशेर तांदूळ आणले, कुंकवात घोळले, पिशवी भरली आणि निघालो. दारोदार गेलो. माझी पद्धत अशी होती की आधी अक्षता हातावर ठेवायच्या आणि मग मॅचचं सांगायचं. पण अक्षता हातावर पडल्या की पुढचं कुणी ऐकेना. बाया पदर डोक्यावर घ्यायच्या, बापे टोपी नीट करायचे, "बसा, च्या घ्या" म्हणायचे. मी म्हणायचो, "उद्या चार वाजता, गायरानावर, मालकांनी बोलवलंय." ते म्हणायचे, "येतो की. मालकाचं म्हनल्यावर यावंच लागतंय." मला भरून यायचं. लोकांना फुटबॉलचं इतकं प्रेम आहे आणि आपण उगाच काळजी करत होतो, असं वाटून मी संध्याकाळी पोटभर जेवलो.

गावात काय पसरलं होतं ते मला ठाऊक नव्हतं. मालकांचा मुलगा पुण्यात नोकरीला. त्यानं तिकडंच पोरगी गाठली, मालकानं पत्रिका न छापता घाईघाईनं उरकायचं काढलं, आणि आमंत्रणाला कोल्हापूरचा गडी फिरवला. हे मी नंतर टेलरकडून ऐकलं. त्यानं माप न घेता नवरदेवाच्या कोटाचा अंदाज पण काढून ठेवला होता.

रविवारी साडेतीनपासून माणसं यायला लागली. मी तीस खुर्च्या मांडल्या होत्या. पळत जाऊन शंभर आणल्या, पुन्हा शंभर. बायका ठेवणीतल्या लुगड्यांत आल्या आणि आपण होऊन डाव्या हाताला बसल्या. बापे उजव्या हाताला. प्रत्येकाच्या काखेत काहीतरी होतं. टॉवेल-टोपी, ताट-वाटी, एकानं तर स्टीलची कळशी आणलेली. मला वाटलं, संघाला बक्षीस असेल. लांबून मालकांकडं बघितलं तर ते गोलमध्ये उभे राहून डोळे पुसत होते.

फेटा बांधलेले एक आजोबा पहिल्या रांगेत बसले होते. त्यांनी मला खूण करून बोलावलं. मैदानावर बावीस जण हातपाय झटकत होते, त्यांच्याकडं काठी करून म्हणाले, "ह्यातला नवरदेव कोन्चा?"

मी म्हटलं, "कसला नवरदेव?"

"आन हाफ पँटीवर लगीन लावायलेत का? काय ही पुन्याची तऱ्हा."

तेवढ्यात गुरुजींनी शिट्टी फुंकली. मी काही बोलायच्या आत दोनशे माणसं उठून उभी राहिली आणि सगळ्यांनी अक्षता टाकल्या. माझ्याच, कालच्या. पाटोद्याचा लाइनवर उभा असलेला गडी नखशिखांत लाल झाला आणि चेंडू सोडून केस झटकत बसला.

पहिला अर्धा वेळ लोक शांत बसले, कारण लग्नात थोडा उशीर व्हायचाच. मध्यंतराची शिट्टी झाली तशी एक पिवळ्या लुगड्याची मावशी उठली आणि मोठ्यानं म्हणाली, "पंगत कुन्या बाजूला हाय?"

मालक गोलमधून चालत आले. त्यांनी आहेर बघितला, लुगडी बघितली, माझ्याकडं बघितलं. मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी माइक हातात घेतला आणि म्हणाले, "मंडळी, लगीन न्हाई. फुटबॉल हाय. आमच्या मानसाकडून चूक झाली, माफी असावी. पोरगं पुन्यातच हाय, एकटंच हाय."

दोनशे माणसांचा उत्साह जाताना कसा दिसतो ते मी तेव्हा बघितलं. आवाज नाही, काही नाही. पोत्याला भोक पडल्यावर धान्य सांडतं तशी माणसं मैदानावरून ओसरली. आहेर परत काखेत. कळशीवाला तर कळशी घट्ट धरून पळालाच. टेलर जाता जाता माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "कोल्हापूर, पुढच्या येळंला बाराव्याचं सांगून बोलीव. मानसं रडत का हुईना, शेवटवर बसतेत."

धूळ बसल्यावर मी मोजलं. पिवळ्या लुगड्याची मावशी आणि तिच्या चार सोबतिणी होत्या, कारण त्यांच्या गावची जीप सहाशिवाय भरत नाही. फेटेवाले आजोबा होते, त्यांना मालकांचं बोलणं पटलं नव्हतं. "नवरीकडले आले की सुरू करतेल," असं म्हणून ते बसून राहिले. बैलवाला आणि त्याच्याशी बोलणारा. आणि मालकीणबाई. नऊ. खेळणारे बावीस.

मालकांनीही गोलमधून मोजलं असणार, कारण त्यांनी हातमोजे काढले आणि पोस्टवरचा क्लॅम्प चाचपून बघितला. उद्या कोणता पाना लागेल याचा विचार चालला होता.

मी गुरुजींकडं गेलो. काय मागायचं ते मला माहीत नव्हतं. नुसतं म्हटलं, "गुरुजी, नऊच हायेत."

गुरुजींनी चष्मा पुसला. "बावीसातून नऊ गेले किती?"

"तेरा."

"तेराचे निम्मे?"

"साडेसहा."

"अर्धा मानूस न्हाई काढता येत," ते म्हणाले, आणि मैदानात गेले. मला काही कळलं नाही. शाळेतही मला गुरुजींचं असंच व्हायचं.

दुसरा अर्धा सुरू होऊन दोन मिनिटं झाली नसतील, गुरुजींनी आमच्या एका गड्याला थांबवलं आणि खिशातून लाल कार्ड काढलं. ते जुन्या लग्नपत्रिकेतून कापलेलं होतं, मागच्या बाजूला 'कृपया आहेर आणू नये' अजून वाचता यायचं. या क्लबाच्या जन्मात ते खिशाबाहेर आलं नव्हतं.

"मी काय केलं, गुरुजी?"

"शर्ट खोवलेला न्हाई. भाईर हो."

तो बाहेर आला आणि कुठं बसावं न कळून एका खुर्चीवर बसला. मालकीणबाईंनी त्याला कपात चहा दिला. आता बघणारे दहा, खेळणारे एकवीस. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी आयुष्यात गणितावर खूश झालो असा तो पहिलाच प्रसंग.

मग पाटोद्याचा एक गेला, मैदानात थुंकला म्हणून. त्यांचा कॅप्टन भांडायला आला. "गुरुजी, थुंकल्यावर कुटं लाल कार्ड आस्तंय?"

"माझ्या वर्गात आस्तंय. आन तू मधे बोललास. तू बी जा."

कॅप्टन तणतणत बाहेर आला. चहा घेतल्यावर तो निवळला, आणि चहाबरोबर बिस्किटं आहेत हे त्यानं आतल्यांना ओरडून सांगितलं. त्यानंतर गुरुजींना फार शोधावं लागलं नाही. आमच्या एकानं तर समोर जाऊन शर्ट बाहेर काढून दाखवला. पाटोद्याचा एक जण मुद्दाम त्यांच्यासमोर थुंकला, आणि पुन्हा आमच्यातला एक नखं वाढली म्हणून गेला. पिवळ्या लुगड्याच्या मावशीला आता रंग चढला होता. प्रत्येक कार्डाला ती मांडीवर थाप मारून म्हणायची, "काढा त्याला. त्यो तिकडचा लंबू बी काढा, लई येळ झाला मोकाट फिरायलाय."

सहा जण बाहेर आले. बघणारे पंधरा, खेळणारे सोळा. एकाचा फरक. आणि आतले सगळे एकदम शहाणे झाले. शर्ट खोवलेले, तोंड बंद, थुंकी गिळलेली. कारण थर्मास संपला होता.

घड्याळात पाच मिनिटं उरली. गुरुजींनी मैदानभर नजर फिरवली. मी खुर्चीची पाठ धरून उभा राहिलो. गुरुजी हळूहळू आमच्या गोलकडं चालत गेले. मालक पोस्टला टेकून उभे होते.

"खेळ चालू अस्ताना गोलकीपरनं पोस्टाला टेकायचं न्हाई," गुरुजी म्हणाले, आणि कार्ड वर केलं.

"गुरुजी, पाइप माझा हाय."

"पाइप तुझा आसंल. शिट्टी माझी हाय. भाईर हो."

मालक माझ्याकडं बघायला लागले, मग खुर्च्यांकडं, मग पुन्हा गुरुजींकडं. ओठ हलताना दिसले. ते मोजत होते. पंधरा आणि एक सोळा. सोळातून एक पंधरा. त्यांनी हातमोजे आमच्याच एका गड्याच्या हातात दिले आणि मान खाली घालून बाहेर आले. खुर्चीत बसले तर खुर्ची कुरकुरली. मी शेजारी उभा राहिलो. म्हटलं, "चहा संपला."

"ऱ्हाऊ दे."

क्लब काढल्यापासून ते पहिल्यांदा क्लबाची मॅच बाहेरून बघत होते. एक मिनिट बसले. चेंडू मैदानाच्या त्या टोकाला गेला होता आणि तिथंच काहीतरी चाललं होतं, धुळीत. दोन मिनिटं झाली. चेंडू अजून तिथंच. मालकांनी मांडी बदलली, जांभई दाबली.

"कोल्हापूर," ते हळू आवाजात म्हणाले, "ह्ये लई कंटाळवानं हाय रे."

मी रिकामा थर्मास खुर्चीखाली सरकवला.

"मला गोलमधून वाटायचं, लोकायला कदर न्हाई. चार रविवार दोनशे मानसं बसली कशी हितं?"

"भोंगा होता," मी म्हटलं.

"च्या नव्हता का?"

"तेव्हा नव्हता."

ते मान हलवत राहिले. मग चेंडू एकदम आमच्या बाजूला आला, नवा गोलकीपर जागेवरच उभा राहिला, आणि मालक खुर्चीतून उठून त्याला जे बोलले ते मला इथं लिहिता येणार नाही, कारण मालकीणबाई हे वाचून घेतील. पिवळ्या लुगड्याच्या मावशीनं कानावर पदर घेतला आणि हसत राहिली. चेंडू वरच्या पाइपाला लागून बाहेर गेला. मालक खाली बसले तेव्हा त्यांना घाम आला होता आणि तोंडावर एक निराळंच समाधान होतं.

"गोलमधून असं बोलता येत न्हाई," ते म्हणाले. "तिथं चूक आपलीच अस्ती."

मॅच शून्य-शून्य झाली. सोमवारी गोल उपटले नाहीत. लग्नाला पाइप कमी पडले तिथं मालकांनी बांबू लावले.

पण अट काही त्यांनी मागं घेतली नाही. शब्द म्हणजे शब्द, दर रविवारी तीच. फक्त स्वतः ते आता खेळत नाहीत, पहिल्या रांगेत बसतात आणि बोलतात. मध्यंतराला गुरुजी माझ्याकडं बघतात, मी बोटं वर करून आकडा दाखवतो, आणि ते खिशात हात घालतात. एका बाजूला सातपेक्षा कमी उरले तर खेळ थांबवावा लागतो, असं गुरुजींनीच सांगितलंय. मी हे गणित तीनदा करून बघितलं. चार-चार काढले की आत चौदा उरतात, बाहेरचे आठ आणि बघणारे सहा मिळून चौदाच. म्हणजे सहा माणसं आली की क्लब जगतो. मालक एक, मालकीणबाई दोन, बैलवाला आणि त्याचा सोबती मिळून चार. पिवळ्या लुगड्याची मावशी पाचवी, ती जीप करून खास कार्डं बघायला येते. सहाव्या माणसाचा तेवढा प्रश्न असतो, आणि त्याची काळजी मला सोमवारपासून शनिवारपर्यंत बरोबर पुरते.